कोकणात बसून ड्रुइड अभ्यासक्रम: ओबॉडच्या पहिल्या टप्प्याचं परीक्षण

‘ऑर्डर ऑफ बार्ड्स, ओव्हेट्स अँड ड्रुइड्स’ ही ब्रिटनमधली संस्था. ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक लोकांचे पुरोहित आणि विद्वान; त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन ती चालते. तिला सगळे ओबॉड म्हणतात. घरबसल्या करायचा तिचा अभ्यासक्रम बार्ड (कवी-गायक), ओव्हेट (द्रष्टा) आणि ड्रुइड अशा तीन टप्प्यांचा आहे. पहिल्या टप्प्याला साधारण वर्ष लागतं, जास्त लागलं तरी कुणी घाई करत नाही. धड्यांच्या पुस्तिका येतात. हवं तर ध्वनिमुद्रित धडे घेता येतात. प्रश्न विचारायला एक मार्गदर्शक मिळतो, सभासदांसाठी मासिक असतं. स्वतःचा धर्म सोडायची अट नाही. घरचे देव, कुळाचार, एकादशी सगळं सांभाळून हा अभ्यास करता येतो. धड्यांचा आतला मजकूर सभासदांपुरता असतो, म्हणून इथे फक्त जाहीर असलेल्या गोष्टींबद्दल लिहिलं आहे.

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्याला याचा काय उपयोग? अभ्यासाची पद्धत उत्तम आहे आणि ती इथे जशीच्या तशी चालते. सणांचं वेळापत्रक निम्मं बदलावं लागतं. झाडांची यादी तर बाजूलाच ठेवावी लागते. आणि यासाठी म्हणून विकत मिळणारं सामान अजिबात घेऊ नये.

बदल करायचा म्हटलं की काही जण बिचकतात. प्राचीन परंपरेत आपण हात कसा घालायचा? त्यांनी आधी इतिहास बघावा. जुन्या ड्रुइडांनी स्वतःचं काही लिहून ठेवलं नाही. रोमन सेनापती सीझर सांगतो की त्यांचं शिक्षण वीस वर्षांपर्यंत चाले आणि सगळं तोंडपाठ असे. आज दिसतो तो ड्रुइडपंथ अठराव्या शतकात नव्याने उभा राहिला. १७९२ साली लंडनच्या प्रिमरोझ हिलवर इओलो मॉर्गनूग याने पहिला मेळा भरवला. हा वेल्समधला पाथरवट आणि कवी. त्याने ‘जुनी’ म्हणून पुढे आणलेली बरीच हस्तलिखितं त्याचीच रचना होती हे पुढे सिद्ध झालं. विधीत म्हणतात ती प्रार्थनाही त्याच्याकडूनच आलेली. ओबॉड १९६४ साली रॉस निकल्स यांनी काढली. १९७५ मध्ये ते गेले आणि १९८८ मध्ये फिलिप कार-गॉम यांनी ती पुन्हा उभी केली. आठ सणांचं वर्षचक्र तर आजच्या रूपात १९५०च्या दशकात आकाराला आलं. दोन अयनदिन (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस), दोन विषुवदिन (दिवस-रात्र समान) आणि आयर्लंडचे चार ऋतुसंधीचे सण (सामेन, इम्बोल्क, बेल्टन, लुनासा) त्यात एकत्र बांधले. जे सत्तर वर्षांपूर्वी ब्रिटनच्या हवेला धरून बांधलं, ते कोकणच्या हवेला धरून पुन्हा बांधण्यात अनादर नाही. अभ्यासक्रमाचा भर आपल्या पायाखालची जमीन ओळखण्यावरच आहे.

रोजची बैठक

अभ्यासाचा गाभा साधा आहे: रोज थोडा वेळ एकाच जागी बसायचं, बघायचं, टिपून ठेवायचं. सोबत श्वास, ध्यान आणि ‘आवेन’ (वेल्श भाषेत ‘प्रेरणा’) या शब्दाचा दीर्घ उच्चार. ओंकार म्हणणाऱ्याला तो लगेच जमतो.

जागा निवडताना कोकणात चुका ठरलेल्या. पहिली म्हणजे माडाखाली बसणं. नारळ नाही तर चुडत, काहीतरी डोक्यावर येणारच. दुसरी, जांभ्याच्या सुट्या दगडांवर किंवा जुन्या पडक्या गडग्यावर बसणं. रत्नागिरी भागात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, फुरसं (विषारी साप) सर्रास सापडतं आणि ते अशाच दगडांच्या सापटीत असतं. परदेशी फोटो बघून लहान दगडांचं वर्तुळ रचायची हौस अनेकांना असते. सड्यावरचा एकही दगड त्यासाठी उचलू नका. हात फुरशावर पडू शकतो. शिवाय बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, कुडोपी या परिसरात कातळशिल्पं आहेत. २०२२ साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आणखी कितीतरी मातीखाली झाकलेली असू शकतात, त्यामुळे कुठल्या दगडाखाली काय आहे ते वरून कळत नाही. आंब्याखाली बसायचं तर आधी वर बघा. पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या असतील तर पाच मिनिटंही बसू देणार नाहीत.

बऱ्याच घरांत उत्तम जागा आधीच असते: मागच्या पडवीची पायरी किंवा खळ्याच्या कडेचा ओटा. वर छप्पर हवं, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावरची बैठक मोडते, आणि एकदा मोडली की पुन्हा लागत नाही. वीस मिनिटं पुरे. वहीत रोज पाच गोष्टी लिहा: तिथी, भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा, काय फुललं किंवा फळलं, आणि कोणता आवाज नवा ऐकू आला. भरतीसाठी किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा वापरा. तिथीला पाऊणने गुणलं की वेळ येते. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. कृष्ण पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. जागेनुसार तासाभराचा फरक पडतो. तुमच्या खाडीत तो किती पडतो हे महिनाभराच्या नोंदींतून कळतं, आणि हे शोधून काढणं हाच अभ्यास. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग (सर्वांत लहान भरती) वहीत दिसायला लागला की चंद्राबद्दलचे धडे वेगळे समजावून घ्यावे लागत नाहीत.

ध्यानात मनातल्या मनात एक पवित्र वन उभं करायला सांगतात. बरेच जण इथे अडतात, कारण डोळ्यांपुढे ओक, दव गोठलेलं गवत आणि धुक्यातली टेकडी आणायचा प्रयत्न करतात. कधी न पाहिलेलं झाड मनात टिकत नाही. तुमच्या वनात किंजळ, ऐन, सातवीण असू दे, खाली ओल्या पाचोळ्याचा वास असू दे. धडे त्याला हरकत घेत नाहीत.

दिशा आणि सूर्य

विधीच्या सुरुवातीला चारही दिशांना शांती मागतात, मग सूर्याच्या गतीने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या दिशेने, वर्तुळ घेतात. पूर्वेला वायू आणि ससाणा, दक्षिणेला अग्नी आणि काळवीटासारखा शिंगाळा हरणाचा नर, पश्चिमेला जल आणि सामन मासा, उत्तरेला पृथ्वी आणि अस्वल. कोकणात पश्चिम अचूक बसते. समोर अरबी समुद्र आहे आणि आपल्याकडेही पश्चिमेचा स्वामी वरुणच. पूर्वेला सह्याद्री, तिथून हिवाळ्यात पहाटेचा गार वारा खाली उतरतो. तीही जुळते. सामनच्या जागी काय घ्यायचं ते ज्याने त्याने आपल्या खाडीकडे बघून ठरवावं.

दक्षिण मात्र नीट समजून घ्यायला हवी. ब्रिटनमध्ये दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो, म्हणून अग्नी दक्षिणेला. देवगडचा अक्षांश साधारण १६.४ अंश उत्तर. तिथे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटापर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. म्हणजे जून-जुलैत दक्षिणेला तोंड करून सूर्याला हाक मारणारा माणूस त्याच्याकडे पाठ करून उभा असतो. यावर एक उपाय असा की या तीन महिन्यांत अग्नीचं आवाहन मध्यावर ठेवलेल्या दिव्यापाशी करावं.

यातच कोकणला मिळालेली एक देणगी आहे, आणि ती अभ्यासक्रमातून कळणार नाही. विषुवदिन आणि अयनदिन यांच्या बरोबर मधल्या क्षणी, म्हणजे ५-६ मे आणि ७ ऑगस्टच्या आसपास, सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकलेलं अंतर) सुमारे १६.३ अंश असते. देवगडच्या अक्षांशाइतकीच. मेच्या सुरुवातीचा बेल्टन आणि ऑगस्टच्या सुरुवातीचा लुनासा हे दोन सण खगोलाच्या हिशेबाने जिथे पडतात, तिथेच देवगडचा शून्य सावली दिवस एखाद्या दिवसाच्या फरकाने येतो. रत्नागिरीला तो मेमध्ये दोन-तीन दिवस उशिरा, अलिबागला मेच्या मध्यावर. बघायची रीत सोपी: समतल फरशीवर सरळ बाजूंचा स्टीलचा डबा किंवा ओळंब्यात धरलेला नळीचा तुकडा उभा करा. साडेबाराच्या सुमारास, आधी दहा मिनिटांपासून, दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. सावली आखडत बुडाशी येते आणि नाहीशी होते. फरशीला उतार असेल तर ती एका बाजूला शिल्लक राहते, म्हणून आधी ताटलीत पाणी ओतून फरशी पारखून घ्या. ऑगस्टचा दिवस बहुतेक ढगांत जातो, मेचा हमखास मिळतो. बेल्टनला आग पेटवण्यापेक्षा हा दिवस पाळणं कितीतरी अर्थपूर्ण, असं आमचं ठाम मत आहे.

अयनदिनांचं मात्र उलट आहे. इंग्लंडात ग्लॅस्टनबरीला जूनचा मोठा दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरचा लहान दिवस आठ तासांहूनही थोडा कमी. तिथे अंधार परतवायची गरज खरीच वाटते. देवगडला हाच फरक दोन तासांचा. शिवाय २१ जूनला मृग लागून दोन आठवडे झालेले असतात. सूर्योदय दिसणारच नाही, आणि तो दिसला नाही म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही. त्यापेक्षा मावळतीचा बिंदू वर्षभर टिपा. आपल्याकडे तो पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेचोवीस अंश सरकतो. एकाच जागेवरून क्षितिजावरचं बेट, भूशिर, दीपगृह यांच्या आधाराने खुणा करत गेलं की ऑक्टोबर ते मे ही आठ महिन्यांची रेघ मिळते, उरलेले चार महिने पावसाचे. डिसेंबरच्या शेवटी बिंदू काही दिवस जागचा हलत नाही, तेव्हा अयन हातात धरल्यासारखं कळतं.

सण कसे हलवावेत

धड्यांतली तारीख पाळायची की त्या तारखेमागचं कारण? कारण पाळावं. १ ऑगस्टचा लुनासा हा पहिल्या कापणीचा सण. आपल्याकडे तेव्हा लावणी आटोपून बेणणी (तण काढणं) चालू असते, शेतात कापण्यासारखं काही नाही. कापणीचा अर्थ आश्विनातल्या नव्याच्या पौर्णिमेला न्यावा. तेव्हा दारावर भाताच्या लोंब्या बांधतात आणि घरात नवं येतं. १ ऑगस्टला किनाऱ्यावर मात्र दुसरं घडतं. १ जूनपासूनची यांत्रिक मासेमारीची बंदी साधारण ३१ जुलैला संपते आणि होड्या पाण्यात उतरायला लागतात, पुढे नारळी पौर्णिमा. किनारपट्टीवर राहणाऱ्याने लुनासा समुद्राच्या बाजूने पाळला तर तो तारखेसकट जुळतो.

सामेनला, ३१ ऑक्टोबर-१ नोव्हेंबरला, पितरांची आठवण काढतात. आपल्या घरी भाद्रपदातला म्हाळ नुकताच होऊन गेलेला असतो. पितरांसाठी दोनदा पान मांडण्यापेक्षा म्हाळाच्याच दिवशी त्यांची नावं, गावं, त्यांनी लावलेली झाडं वहीत उतरवावीत, आणि सामेनला भातझोडणीनंतरच्या रिकाम्या मळ्यात एक फेरी मारावी. आयर्लंडात त्या दिवशी उन्हाळी कुरणांवरची गुरं घरी आणत. आपल्याकडे गुरांचा मान दिवाळीच्या पाडव्याला होतो आणि तो याच सुमारास पडतो.

इम्बोल्क, १ फेब्रुवारी, फारसा बदलावा लागत नाही. तिकडे मेंढ्यांना दूध सुटतं, बर्फातून पहिलं फूल वर येतं. इकडे आंब्याची कलमं मोहोराने भरलेली असतात. एक मोहोराचा तुरा जवळून बघा. त्यात नर फुलं आणि द्विलिंगी फुलं मिसळलेली असतात, आणि फळ धरतं ते दुसऱ्या प्रकारातल्या अगदी थोड्यांनाच. ढगाळ हवा किंवा धुकं आलं की तुडतुडे आणि भुरी (बुरशीचा रोग) येते, तुरा चिकट होतो, काळा पडतो, झडतो. इम्बोल्कची अनिश्चितता समजून घ्यायला बागायतदाराच्या अंगणाएवढी दुसरी जागा नाही. पण बाग दुसऱ्याची असेल तर विचारून जा, आणि फवारणी झालेल्या दिवशी जाऊच नका.

बेल्टनची आग कोकणात पेटवू नका. मेच्या सुरुवातीला सड्यावरचं गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं, दुपारनंतर समुद्रावरचा वारा जोरात सुटतो, आणि एका ठिणगीने काजूची अख्खी बाग जाते. आपल्या गावाची आग शिमग्यात होऊन गेलेली असते. फाल्गुन पौर्णिमेचा होम, उभी केलेली होळी, पालखी यांत गाव एकत्र येतो आणि आग गावाच्या नजरेखाली असते. तिथे जाऊन उभं राहणं हेच बेल्टन समजावं. घरात एक पणती लावली तरी विधी पुरा होतो.

किनाऱ्यावरच्या विधींबद्दल एक कडक सूचना. वेळास, आंजर्ले, गुहागर यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालतात, पिल्लं पुढे एप्रिल-मेपर्यंत बाहेर पडतात. पिल्लू समुद्राकडे जातं ते उजेडाच्या रोखाने. मशाल, मेणबत्त्या, मोबाइलचा टॉर्च, शेकोटी यातलं काहीही वाळूवर असेल तर ते उलट दिशेला चालायला लागतं आणि मरतं. वसंत विषुवदिनाचा विधी याच काळात येतो. वाळूवर करायचाच तर दिवसाउजेडी करा.

झाडं

ओव्हेटच्या टप्प्यावर ओघम ही जुनी आयरिश लिपी समोर येते. मूळ वीस अक्षरं, प्रत्येकाला झाडाचं नाव जोडलेलं: बर्च, रोवन, आल्डर, विलो, ॲश, ओक, हेझल. यांतलं विलोचं एक भावंड, वाळुंज, आपल्याकडे ओढ्याकाठी भेटतं. बाकी जवळपास काहीच नाही. ‘ओक म्हणजे आपला वड’ असं परस्पर ठरवू नका. ओकचा सगळा अर्थ त्याच्या पानगळीत आणि थंडीतल्या झोपेत आहे. कोकणातली झाडं थंडीत झोपत नाहीत. ती फाल्गुन-चैत्राच्या उन्हात, पावसाचा थेंब नसताना, नवी पानं काढतात. कुसुंब लालभडक होतो, पिंपळाला तांबूस पालवी येते, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात. ओघम आहे तशी शिका, आणि वेगळ्या पानावर आपल्या वीस झाडांची यादी करा: पानगळ कधी, फूल कधी, कोणता पक्षी येतो, गावात त्याचा उपयोग काय. दोन याद्या एकमेकींवर चिकटवल्या की दोन्ही खोट्या होतात.

मिसलटो या झाडांवर वाढणाऱ्या परजीवी वनस्पतीचा मामला याहून चांगला आहे. रोमन लेखक प्लिनी लिहितो की ड्रुइड चंद्राच्या सहाव्या दिवशी ओकवर चढून सोन्याच्या कोयत्याने मिसलटो कापत आणि खाली पांढऱ्या वस्त्रात झेलत. त्याचं इथलं नातेवाईक म्हणजे आंब्यावरचं बांडगूळ. फुलटोच्या त्याची फळं खातो. बी इतकं चिकट असतं की ते सहज सुटत नाही, म्हणून पक्षी फांदीला अंग घासतो आणि बी तिथेच लागतं. मग ते सालीत शिरून झाडाचं पाणी शोषतं, स्वतःच्या हिरव्या पानांनी अन्नही बनवतं. बागायतदाराला ते नको असतं. नुसतं ओरबाडलं तर मूळ आत राहून पुन्हा फुटतं, म्हणून जिथे चिकटलं त्याच्या खाली थोडं अंतर सोडून फांदीच कापतात. षष्ठीचा विधी करायची इच्छा असेल तर ओळखीच्या बागेत बांडगूळ काढायला हात लावा. झाडाला मदत होते आणि विधीला खरा अर्थ येतो. औषध म्हणून मात्र ते घेऊ नका.

काठी किंवा ओघमच्या पट्ट्या करायला पडलेलं लाकूडच घ्या. फणस, आंबा, शिवण चालेल. बिब्ब्याची फांदी चुकूनही तासू नका, चिकाने हाताला फोड येतात आणि ते दिवसेंदिवस भरत नाहीत. काजऱ्याच्या बिया विषारी असतात, लहान मुलं असलेल्या घरात त्या शोभेला ठेवू नयेत.

सामान

ऑनलाइन ‘ड्रुइड संच’ मिळतात: मेणबत्त्या, धुपाच्या जुड्या, स्फटिक, कोरलेली काठी. अभ्यासक्रमाला यातलं काहीही लागत नाही, आणि कोकणच्या हवेत ते टिकतही नाही. मेणबत्ती मेच्या उन्हात वाकते. रंगवलेल्या काठीला जुलैत बुरशी येते, भुंगा लागला तर गणपतीपर्यंत पीठ होतं. पांढऱ्या सेजची जुडी ही कॅलिफोर्नियाची वनस्पती. तिचा ड्रुइडांशी संबंध नाही, आणि तिकडच्या रानांतून ती ओरबाडली जाते. पितळेची पणती, तांब्याचा गडू, मातीची ताटली आणि वायूसाठी थोडा धूर एवढ्यात चारही तत्त्वं मांडून होतात. दिव्याला खोबरेल तेल छान, पण डिसेंबरच्या पहाटे ते थिजतं. तेव्हा थोडं तिळाचं मिसळावं. उंडीचं कडू तेलही चालतं, मात्र धूर जास्त, म्हणून ते पडवीत. धुरासाठी नारळाच्या सोडणावर (वरच्या सालीवर) निखारा आणि चिमूटभर ऊद पुरतो. डासही पळतात. पाण्याचं भांडं रोज रिकामं करा, नाही तर आठवड्यात त्यात डासांच्या अळ्या होतील.

देवराई

बहुतेकांची चूक होते ती इथे. पवित्र वनाबद्दल इतकं वाचल्यावर गावच्या राईत जाऊन वर्तुळ घालावंसं वाटणं साहजिक आहे. तसं करू नका. माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांची नोंद केली, त्यातून दिसलं की या राया टिकल्या त्या गावाने पाळलेल्या नियमांमुळे. त्या रिकाम्या जागा नाहीत. तिथे रवळनाथ, सातेरी, वेताळ, भूतनाथ आहेत, राखणदार आहे, त्यांचे मानकरी आणि गुरव आहेत. कित्येक गावांत देवाला कौल लावल्याशिवाय राईतलं वाळलेलं झाडही कुणी हलवत नाही.

जायचं असेल तर आधी गुरवाला किंवा गावकऱ्यांपैकी जाणत्याला विचारा. राईत कुठपर्यंत जाता येतं, चपला कुठे काढायच्या, बायकांनी कुठे थांबायचं, फोटो चालतो का, हे प्रत्येक गावात वेगळं असतं. नियम पटला नाही तर जाऊ नका. तिथे उभं राहून वाद घालायचा नाही. गुरव गाऱ्हाणं घालत असतील तर बाजूला उभं राहून ‘होय महाराजा’ म्हणा. देवाला, गावाला, रानाला एका दमात हाक मारणारी ती भाषा ऐकून बार्डच्या टप्प्यावर शिकायचं बरंच काही मिळतं. काहीही आत नेऊ नका, पानही बाहेर आणू नका. ब्रिटनमधल्या विहिरींकाठी झाडांना चिंध्या बांधायची जुनी रीत आहे. ती इथे आणू नका. नायलॉनची फीत कुजत नाही, फांदीच्या सालीत रुतते. स्फटिक पुरणं, नाणी ठोकणं हेही नको. आपली साधना आपल्या खळ्यात करावी आणि राईत पाहुण्यासारखं जावं.

राईसाठी काही करायचं असेल तर गाव ज्यात अडतं ते करा. जीर्णोद्धारात देवळाभोवती काँक्रीट आणि फरश्या घालताना जुन्या झाडांची मुळं तोडली जातात, पाणी मुरायचं थांबतं आणि दोन-चार वर्षांत वरून झाड वाळायला लागतं. झाडांची यादी, घेर, कोणत्या ढोलीत धनेश घरटं करतो याची नोंद गावच्या बैठकीत मांडली तर ती ऐकली जाण्याची शक्यता चांगली असते. ही नोंद तुमच्या रोजच्या वहीतून निघते.

मार्गदर्शक, संगत आणि पर्याय

मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार ही या अभ्यासक्रमाची सर्वांत चांगली बाजू. पण तुमचा माणूस बहुधा समशीतोष्ण हवेत राहणारा असतो. ‘उन्हाळा’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र येतं. पहिल्याच पत्रात गावाचा अक्षांश, पावसाचे महिने, भाताची आणि आंब्याची वेळ लिहून टाका. पुढचे सगळे गैरसमज वाचतात. ऑनलाइन भेटी ब्रिटनच्या संध्याकाळी असतात. तिथले सात म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. पावसात वीज आणि रेंज दोन्हीचा भरवसा नसतो, त्यामुळे धडे आधीच उतरवून ठेवलेले बरे. छापील पुस्तिका घेतल्याच तर जूनपूर्वी घट्ट झाकणाच्या डब्यात कडुनिंबाच्या वाळल्या पानांसकट ठेवा, नाही तर कसर आणि बुरशी दोन्ही लागतात.

बार्डच्या टप्प्यावर काही रचायला, म्हणायला सांगतात. कवितेचा सराव नसलेल्यांनी घाबरू नये. एखाद्या जत्रेत रात्रभर दशावतार बघा. लिखित संहिता नसताना कथा माहीत असलेले कलाकार तिथल्या तिथे संवाद उभा करतात. घरातल्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेणं हेही याच टप्प्याचं काम आहे.

दुसरे पर्यायही आहेत. १९८३ मध्ये आयझॅक बोनविट्स यांनी अमेरिकेत काढलेली ‘आर नद्रीअक्त फेन’, म्हणजे एडीएफ, जास्त विधीनिष्ठ आहे. तिच्या घरगुती वेदीत अग्नी, विहीर आणि वृक्ष ही तीन स्थानं असतात. कोकणातल्या घरात देवापुढचा दिवा, परड्यातली विहीर आणि दारातली तुळस आधीपासून आहेत, त्यामुळे मांडणीचा प्रश्न उरत नाही. तिचा प्राथमिक अभ्यास नऊ सद्गुणांवरच्या लिखाणाने भरलेला आहे. ज्यांना लिहायचा कंटाळा त्यांना तो जड जाईल. ज्यांना ध्यानापेक्षा झाडं लावणं आणि निसर्गनिरीक्षण हेच करायचंय त्यांनी १९१२ पासूनची ‘एन्शंट ऑर्डर ऑफ ड्रुइड्स इन अमेरिका’ बघावी. सर्वसाधारण वाचकाला ओबॉडच सुचवू, कारण तिच्यात कल्पनाशक्तीला वाव जास्त आणि सक्ती कमी आहे.

नाव नोंदवायला ऑक्टोबर चांगला. पाऊस ओसरलेला असतो, सडा अजून ओला असतो, पुढचे आठ महिने मावळती दिसणार असते आणि वही भरायला लागते. जूनमध्ये सुरू केलं तर पहिले चार महिने घरातच जातात, आणि बाहेर बसायची सवय लागायच्या आधीच धडे पुढे निघून जातात.